बोटॉक्सचा खर्च कसा ठरतो आणि तो इंजेक्शन घेण्याआधी कसा काढावा

भुवयांच्या मधोमध पडणाऱ्या दोन उभ्या आठ्या, कपाळावरच्या आडव्या रेषा आणि हसताना डोळ्यांच्या कडांना पसरणाऱ्या बारीक सुरकुत्या, या तिन्हींसाठी घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनला आपल्याकडे सरसकट ‘बोटॉक्स’ म्हणतात. सोलापुरात सात रस्ता, होटगी रोड किंवा जुळे सोलापूर या भागांत चौकशी केली, तर दर सांगण्याच्या तीन तऱ्हा ऐकायला मिळतात. कोणी ‘एका भागाचे इतके’ म्हणते, कोणी ‘एका युनिटचे इतके’ म्हणते आणि कोणी ‘पूर्ण चेहऱ्याचे पॅकेज’ सांगते. हे तिन्ही आकडे एका मापात आणल्याखेरीज त्यांची तुलना होऊच शकत नाही, आणि ते एका मापात कसे आणायचे हे कळले की खर्चाचा बहुतेक सगळा उलगडा होतो.

गेल्या वर्षी माझ्या ताईच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा ताईबरोबर मी या चौकशीला फिरले. ताई शाळेत शिकवते, वय सत्तेचाळीस, आणि वर्षानुवर्षे वह्या तपासताना भुवया आक्रसण्याची सवय लागल्याने तिच्या कपाळाच्या मध्यावर दोन खोल रेषा पडलेल्या होत्या. पहिल्या ठिकाणी आम्ही पॅकेजचा आकडा ऐकून हो म्हटले. औषध आधीच सिरिंजमध्ये भरून ट्रेमधून आले, कोणता ब्रँड आणि किती युनिट हे कोणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही आणि बिलावर फक्त ‘फेस ट्रीटमेंट’ एवढेच लिहिले होते. सहा आठवड्यांत रेषा पूर्वीसारख्या दिसू लागल्या. औषध कमी दिले गेले, फार पातळ केलेले होते की आणखी काही झाले, हे शोधून काढायला आमच्या हातात एकही कागद नव्हता. पुढचे सगळे त्या अनुभवानंतर मी नीट विचारून आणि वाचून जमवलेले आहे.

औषध काय आहे

या औषधाचे नाव बोट्युलिनम टॉक्सिन टाइप ए. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूपासून मिळणारे हे विष अत्यंत अल्प मात्रेत स्नायूत टोचले की मज्जातंतूकडून स्नायूला आकुंचनाचा निरोप पोहोचत नाही, स्नायू सैल पडतो आणि त्याच्यावरच्या त्वचेला घडी पडणे थांबते. अमेरिकेत या औषधाला पहिली मान्यता १९८९ साली मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांची अनैच्छिक उघडझाप यांच्यासाठी, म्हणजे डोळ्यांच्या आजारांसाठी. डोळ्यांच्या रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही मऊ पडतात हे कॅनडातील कॅरदर्स या डॉक्टर दांपत्याच्या लक्षात आले, त्यांनी १९९२ साली त्यावर लिहिले आणि २००२ साली अमेरिकेत या आठ्यांसाठी स्वतंत्र मान्यता मिळाली. ‘बोटॉक्स’ हे मुळात ॲलर्गन या कंपनीच्या ब्रँडचे नाव आहे. डिस्पोर्ट, झिओमिन आणि काही कोरियन बनावटीचे ब्रँड हे त्याच वर्गातले, पण वेगळे आहेत. म्हणून ‘बोटॉक्स करतो’ एवढे उत्तर पुरेसे मानू नये. ब्रँडचे नाव विचारावे आणि ते कागदावर लिहून घ्यावे.

युनिटवर हिशेब करा, भागावर नाही

सोलापुरात टॉवेलचा ठोक व्यापार करणाऱ्याला टॉवेलची लांबी-रुंदी सांगून भाव विचारला, तर तो आधी वजन विचारतो, कारण एकाच मापाच्या दोन टॉवेलांत सूत निम्मे-दुप्पट असू शकते. इथेही तसेच आहे. ‘भुवयांमधला भाग’ ही लांबी-रुंदी झाली. त्या भागात किती युनिट गेले हे त्याचे वजन. भागाचा दर ऐकला की लगेच विचारावे, ‘या दरात किती युनिट देणार?’

कंपनीच्या माहितीपत्रकानुसार बोटॉक्सची मात्रा भुवयांमधल्या आठ्यांसाठी २० युनिट, डोळ्यांच्या कडांसाठी दोन्ही बाजू मिळून २४ युनिट आणि कपाळासाठी २० युनिट असते, आणि कपाळाची मात्रा भुवयांमधल्या मात्रेच्या जोडीने द्यायची असते. तिन्ही भाग एकत्र केले तर ६४ युनिट होतात. डॉक्टर चेहरा पाहून यात कमी-जास्त करतात आणि ते त्यांनी केलेच पाहिजे. पण हे आकडे डोक्यात असले की समोरचा आकडा आपल्याला पडताळता येतो. आता केवळ हिशेबासाठी धरा की एका दवाखान्यात भुवयांमधल्या भागाचे ५,००० रुपये सांगितले. त्यात २० युनिट मिळणार असतील तर एक युनिट २५० रुपयांना पडले. त्याच ५,००० रुपयांत १२ युनिट दिले, तर युनिट सुमारे ४१७ रुपयांना पडले. वरून दोन्ही दर सारखेच, आणि १२ युनिटांचा परिणाम लवकर ओसरला तर पुन्हा खुर्चीत बसायचे ते वेगळेच. युनिटचा दर ३०० रुपये धरला, तर भुवयांमध्ये २० आणि डोळ्यांच्या कडांना २४ असे ४४ युनिट १३,२०० रुपयांचे होतात आणि तिन्ही भागांचे ६४ युनिट १९,२०० रुपयांचे. हे आकडे कुणा दवाखान्याचे दरपत्रक नव्हेत. आपल्याला सांगितलेला दर घालून हाच गुणाकार घरी कागदावर करून पाहावा.

इथे एक मोठी गफलत होते. युनिट हे वजनाचे किंवा घनफळाचे माप नाही. ते औषधाच्या जैविक ताकदीचे माप आहे आणि प्रत्येक कंपनी ते स्वतःच्या चाचणीने ठरवते. त्यामुळे एका ब्रँडचे युनिट दुसऱ्या ब्रँडच्या युनिटाबरोबर मोजता येत नाही. भुवयांमधल्या ज्या आठ्यांसाठी बोटॉक्सचे २० युनिट सांगितलेले आहेत, त्यांच्यासाठी डिस्पोर्टची मात्रा ५० युनिट आहे. समजा बोटॉक्सचे युनिट ३०० रुपयांना आणि डिस्पोर्टचे १२० रुपयांना सांगितले. ऐकताना दुसरे निम्म्याहून स्वस्त वाटते, पण वीस गुणिले तीनशे सहा हजार आणि पन्नास गुणिले एकशे वीस तेही सहा हजार. म्हणून वेगवेगळ्या ब्रँडांची तुलना करताना युनिटचा दर बाजूला ठेवावा आणि ‘माझ्या या एका भागाचे या ब्रँडमध्ये एकूण किती होतील’ एवढेच विचारावे.

कुपीत काय असते आणि पातळ करणे म्हणजे काय

दुसऱ्या वेळी ताईला आम्ही एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीण बाईंकडे नेले, आणि तिथे जे पाहिले ते प्रत्येकाने पाहावे असे मला मनापासून वाटते. त्यांनी फ्रिजमधून खोके काढले, त्यावरचा ब्रँड, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख ताईला वाचायला दिली आणि मग कुपी तिच्या तळहातावर ठेवली. ताई म्हणाली, ‘‘डॉक्टर, ही तर रिकामीच आहे!’’ डॉक्टर हसून म्हणाल्या, ‘‘रिकामीच दिसते. तळाशी बघा, काच जरा धुरकट दिसतीय ना, तेच औषध.’’ निर्वात अवस्थेत वाळवलेली ती भुकटी इतकी थोडी असते की ती तळाला एखाद्या पुसट पापुद्र्यासारखी चिकटलेली असते. त्यांनी सलाइन भरलेल्या सिरिंजची सुई कुपीच्या रबरी बुचात घातली, तेव्हा दट्ट्या न दाबताच सलाइन आपोआप आत ओढले गेले. कुपीत निर्वात टिकून असल्याची ती खूण असते; सलाइन आत ओढले गेले नाही तर ती कुपी वापरायची नसते.

आता पातळ करण्याविषयी. १०० युनिटांच्या बोटॉक्स कुपीत २.५ मिलिलिटर सलाइन घातले, तर ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिट येतात. त्याच कुपीत ५ मिलिलिटर घातले, तर तेवढ्याच थेंबांत २ युनिट येतात. २० युनिट हवे असतील तर पहिल्या प्रकारात अर्धा मिलिलिटर टोचावा लागतो आणि दुसऱ्या प्रकारात पूर्ण एक. डॉक्टर आपल्या पद्धतीप्रमाणे औषध कमी-जास्त पातळ करतात आणि त्यात गैर काहीच नाही. एकूण युनिट बरोबर असले म्हणजे झाले. मात्र ‘एक पूर्ण सिरिंज देतो’ या आश्वासनातून ग्राहकाला काहीच कळत नाही. सिरिंज आणि मिलिलिटर यांच्या भाषेत सांगितलेला दर मान्य करू नये, तो युनिटांत सांगायला लावावा.

कुपीमुळे खर्चावर परिणाम होतो तो आणखी एका बाजूने, आणि आपल्यासारख्या शहरात तो जास्त जाणवतो. माहितीपत्रकानुसार विरघळवलेले बोटॉक्स २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवून २४ तासांच्या आत वापरायचे असते, आणि एक कुपी एकाच रुग्णासाठी, एकाच बैठकीत वापरावी असेही तिथे लिहिलेले असते. कुपी ५० किंवा १०० युनिटांची येते आणि एखाद्याला २० युनिटच लागतात. उरलेल्या औषधाचा खर्च कोणावर तरी पडतोच. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात दिवसाकाठी जितके लोक या उपचारासाठी येतात तितके इथे येत नाहीत, म्हणून काही डॉक्टर लहान कुपी मागवतात, काही जण वाया जाणारे औषध दरातच धरतात आणि काही जण ठरावीक दिवशी रुग्णांना एकत्र बोलावून एकच कुपी वाटून वापरतात. ‘कुपी माझ्यासमोर, माझ्यासाठी उघडणार का, आणि उरलेल्याचे पैसे माझ्याकडून घेणार का?’ असे विचारण्यात संकोच मानू नये. दर थोडा जास्त असला, तरी नवी कुपी समोर उघडली जाणार असेल तर मी तोच दर पत्करेन.

तापमानाचा प्रश्न सोलापुरात नुसता कागदोपत्री राहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. न उघडलेली बोटॉक्सची कुपीही २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते, म्हणजे वितरकाकडून बर्फाच्या डब्यातून येण्यापासून वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या फ्रिजपर्यंत सगळी साखळी सांभाळावी लागते. ज्या दवाखान्यात औषधांसाठी वेगळा फ्रिज आणि त्यावर तापमान दाखवणारा आकडा दिसतो, तिथल्या दरात या व्यवस्थेचा खर्च धरलेला असतो आणि तो रास्त आहे.

डॉक्टरांच्या हाताची किंमत

 औषधाखेरीज दरात फरक पडतो तो टोचणाऱ्या हातामुळे. भुवयांच्या आसपास काही मिलिमीटरांची चूक झाली, तर औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत जाऊन पापणी काही आठवडे खाली उतरलेली राहू शकते. त्वचारोगात एमडी किंवा पदविका घेतलेले डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन यांच्या शिक्षणात या स्नायूंचा अभ्यास असतो. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळता येतो आणि तो विचारणे हा आपला हक्क आहे. ब्यूटी पार्लरमध्ये, वैद्यकीय पदवी नसलेल्या व्यक्तीच्या हातून, कितीही स्वस्तात हे इंजेक्शन घेऊ नये. तिथे वाचलेले पैसे म्हणजे आपल्या डोळ्याच्या पापणीवर लावलेली पैज आहे.

तज्ज्ञ डॉक्टर पहिल्या भेटीत काय करतात, यावरूनही अंदाज येतो. ताईला डॉक्टर म्हणाल्या, ‘‘मॅडम, वर्गात मुलं दंगा करतात तेव्हा बघता तसं बघा बरं माझ्याकडे.’’ ताईने भुवया आक्रसल्या, तशा त्यांनी पांढऱ्या पेन्सिलने पाच खुणा केल्या. मग भुवया वर करायला लावल्या, मग हसायला. ज्याचे स्नायू दणकट त्याला मात्रा जास्त, आणि म्हणूनच पुरुषांना बहुधा स्त्रियांपेक्षा जास्त युनिट लागतात व त्यांचा खर्चही वाढतो. सोलापूरच्या उन्हात डोळे बारीक करून काम करणाऱ्यांच्या, शेतावर किंवा दुचाकीवर दिवस काढणाऱ्यांच्या डोळ्यांच्या कडांना रेषा अधिक ठळक असतात, हेही डॉक्टर पाहतात. चेहरा स्थिर असतानाही जी रेषा खोल दिसते, ती या इंजेक्शनने मऊ पडेल पण भरून येणार नाही. तिच्यासाठी डॉक्टर फिलर, म्हणजे खोलगट जागा भरून काढणारे वेगळे इंजेक्शन, सुचवू शकतात. ते मिलिलिटरने मोजले जाते आणि त्याचा खर्च वेगळा असतो. दोन्हींचे आकडे बिलात एकत्र मिसळू देऊ नयेत.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, स्नायूंच्या दुर्बलतेचा मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा आजार असलेल्यांनी आणि टोचायच्या जागी जंतुसंसर्ग झालेल्यांनी हे इंजेक्शन घ्यायचे नसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याची कल्पना डॉक्टरांना आधी द्यावी, कारण त्यामुळे काळेनिळे डाग पडण्याची शक्यता वाढते.

छुपे खर्च

पहिला प्रश्न तपासणी फीचा: ती वेगळी की इंजेक्शन घेतल्यास वजा होते. दुसरा टच-अपचा. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो आणि दोन आठवड्यांनी पूर्ण दिसतो; तेव्हा एक भुवई दुसरीपेक्षा वर दिसली तर एक-दोन युनिटांची भर घालावी लागते. काही ठिकाणी ती दरातच धरलेली असते, तर काही ठिकाणी तिचे युनिटप्रमाणे पैसे लागतात. पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन स्वस्तात इंजेक्शन घेण्याचा विचार करणाऱ्यांनी नेमके इथेच थांबून हिशेब मांडावा. पुणे इथून सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा जावे लागले, तर दोन फेऱ्यांचे भाडे आणि दोन दिवसांची रजा त्या ‘स्वस्त’ दरात मिळवायला हवी.

तिसरा प्रश्न कराचा. जीएसटीत आरोग्यसेवेला जी सूट आहे ती सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला नाही, आणि नोंदणी असलेले पुष्कळ दवाखाने बोटॉक्सच्या बिलावरही १८ टक्के कर लावतात. वरचे १३,२०० रुपये करासह १५,५७६ होतात. त्यामुळे ‘हा दर करासह आहे का?’ हे आधीच विचारावे आणि कर घेतला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक आहे ना हे पाहावे. आरोग्य विम्याची पॉलिसी केवळ सौंदर्यासाठीच्या उपचाराचे पैसे देत नाही. जुनाट अर्धशिशी किंवा काखेतला अतिघाम यांसाठी हेच औषध दिले जाते तेव्हा गोष्ट वेगळी, आणि तिथे विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावे.

आणि सगळ्यांत मोठा छुपा खर्च म्हणजे पुढच्या वेळचा. परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो. वर्षभर चेहरा तसाच ठेवायचा असेल तर वर्षातून तीनदा तरी जावे लागेल. म्हणजे १३,२०० रुपयांचे वर्षाला ३९,६०० होतात, आणि कर धरला तर ४६,७२८. हा आकडा घरच्या हिशेबात बसतो का, हे पहिल्या इंजेक्शनाआधी पाहावे. न बसल्यास एखाद्या प्रसंगापुरते एकदा घेऊन थांबण्यात अपाय काही नाही. स्नायू पुन्हा पूर्ववत काम करू लागतात. उलट लवकर लवकर घेणे मात्र टाळावे, कारण टच-अप सोडला तर दोन वेळांत किमान तीन महिन्यांचे अंतर ठेवायचे असते. लग्नकार्यासाठी किंवा गड्ड्याच्या यात्रेत पाहुणे येणार म्हणून घ्यायचे असेल, तर महिनाभर आधीची तारीख धरावी, म्हणजे दोन आठवडे परिणामाला आणि उरलेले दिवस टच-अपला मिळतात. आयत्या वेळी गेलेल्या माणसाला घासाघीसही करता येत नाही.

फोनवर चौकशी करताना मी आता एका दमात एवढे विचारते: ब्रँड कोणता, माझ्या या भागासाठी अंदाजे किती युनिट, युनिटचा दर किती, कुपी समोर उघडणार का, टोचणार कोण, टच-अपचे वेगळे पैसे आहेत का, आणि दर करासह आहे का. ज्या दवाखान्यात स्वागतकक्षातली मुलगी यातले निम्मे तरी न अडखळता सांगते, तिथेच पुढे जाण्यात अर्थ आहे. ‘आधी या, मग बघू’ असे उत्तर आले, तर तपासणीची वेळ घ्यावी, पण त्या दिवशी इंजेक्शन घेणार नाही हे आधीच सांगून ठेवावे.

ताईला दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी कपाळाचा भाग सुचवला नाही. ‘‘तिथं आत्ता गरज नाही, उगाच पैसे घालू नका,’’ असे त्या म्हणाल्या आणि भुवयांमधले तेवढेच युनिट बिलात लिहिले. निघताना त्यांनी कुपीवरचा बॅच क्रमांकाचा चिकटकागद सोलून ताईच्या फाइलला लावला. घरी आल्यावर ताईने मुलांचे गुण मांडायच्या वहीच्या शेवटच्या पानावर आडव्या रेघा मारल्या: तारीख, ब्रँड, बॅच, भाग, युनिट, दर, कर, आणि शेवटच्या रकान्यात ‘परिणाम कधी ओसरला’. तो शेवटचा रकाना तिने चौदाव्या आठवड्यात भरला.